सर्जापूर रोड : दार स्वस्त, भाडे महाग

बंगळूरच्या कोरमंगला भागातून निघालेला सर्जापूर रोड अगरा, इब्लूर, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र अशी गावे मागे टाकत सुमारे वीस किलोमीटरवरच्या सर्जापूर गावाला जाऊन पोहोचतो. गावे म्हणायची ती नावापुरतीच. आता दुतर्फा उंच इमारती, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या आहेत. विप्रो कंपनीचे मुख्य कार्यालय याच रस्त्यावर. जवळच बेळ्ळंदूरचे मोठे तळे आहे. २०१७ आणि २०१८ मध्ये या तळ्याच्या पाण्यावर चक्क आग लागली, तेव्हा त्याची छायाचित्रे देशभर झळकली होती. त्यामानाने कैकोंड्रहळ्ळीचे तळे भाग्यवान. लोकांनी पुढाकार घेऊन ते स्वच्छ करवून घेतले. सकाळी तिथे फेरी मारा, बगळे आणि पाणकावळे हमखास दिसतील आणि मराठी बोलणेही कानांवर पडेल!

मराठी माणसाला बंगळूर तसे परके नाही. १६३८ मध्ये विजापूरकरांनी हे शहर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. आजचे मराठी कुटुंब येते ते मुलाच्या किंवा सुनेच्या नोकरीमुळे. सामानाच्या ट्रकमागोमाग घरची जुनी गाडीही येते. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवायची तर कर्नाटकातली नोंदणी करावी लागते. पाटीवरचे ‘एमएच’ जाऊन ‘केए’ येते, पण गाडीचे वय काही बदलत नाही. एक दिवस इब्लूरच्या चौकातल्या गर्दीत कुणीतरी घासून जाते आणि सुट्या भागांचा शोध सुरू होतो.

गुजरी इथली आणि कोल्हापूरची

गॅरेजवाला अण्णा म्हणतो, ‘‘गुजरीत बघा.’’ कोल्हापूरकर हे ऐकून चमकतो. त्याच्या गावची गुजरी म्हणजे सोन्याचांदीची पेठ! बंगळूरची गुजरी म्हणजे भंगार. ती पाहायची तर पूर्वीच्या ब्लॅकपल्लीत, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात जायचे. नवे भाग हवे असतील तर जे. सी. रोड, जुने हवे असतील तर शिवाजीनगर. अरुंद गल्ल्यांमध्ये दारे, बॉनेट, आरसे, गिअरबॉक्स यांच्या राशी लागलेल्या असतात. दुकानदार दख्खनी उर्दूत बोलतात, ती मराठी माणसाला सहज कळते. ‘‘भाई, थोडा कम करो,’’ म्हटले की घासाघीस सुरू!

देशात असे बाजार आणखीही आहेत. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, चेन्नईत पुदुपेट, दिल्लीत मायापुरी. शिवाजीनगरात जे मिळत नाही ते कुर्ल्यात मिळते, आणि तेही स्वस्त, असे कुणीतरी सांगतेच. खरा हिशेब इथूनच सुरू होतो.

वजन कुणाचे? वस्तूचे की जागेचे?

समजा, कुर्ल्यात बंपर अगदी किरकोळ किमतीत मिळाला. त्याचे वजन जेमतेम चार-पाच किलो. पण विमानाने माल नेणाऱ्या कुरिअर कंपन्या वस्तू किती जागा अडवते तेही मोजतात. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांचा गुणाकार करायचा आणि त्याला साधारणपणे ५००० ने भागायचे. १७० बाय ५० बाय ४० चे खोके असेल तर उत्तर येते ६८ किलो. पाच किलोच्या बंपरला अडुसष्ट किलोचे भाडे! याउलट गिअरबॉक्स आकाराने लहान पण जड, त्याला खऱ्या वजनाचे भाडे पडते.

ट्रान्सपोर्टचा ट्रक यापेक्षा स्वस्त. मुंबईहून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर असा हजारेक किलोमीटरचा प्रवास करून तो बंगळूरला येतो. मात्र ‘भाडे’ म्हणून सांगितलेला आकडा शेवटचा नसतो. किमान वजनाचा आकार, बिल्टीचा खर्च, दोन्हीकडची हमाली आणि फळ्यांची पेटी यांची भर पडते. माल बहुधा ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनपर्यंतच येतो. तिथून सर्जापूर रोडपर्यंत छोटा टेम्पो तुम्हालाच करावा लागतो. सोडवायला उशीर झाला तर डेमरेज वेगळे. त्यामुळे भाव विचारताना एकच प्रश्न विचारावा, ‘‘माझ्या दारात येईपर्यंत एकूण किती?’’

आमच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक साताऱ्याहून इथे मुलाकडे आले, ते आपली मारुती ८०० घेऊन. ही गाडी २०१४ पासून बनत नाही. मागून आलेल्या टेम्पोने तिचे डावे दार चेपवले. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, विकून टाकू.’’ बाबा काहीच बोलले नाहीत. पत्नीला फिजिओथेरपीला न्यायचे, भाजी आणायची, दर गुरुवारी मित्राकडे जायचे, हे सारे ते कुणालाही न विचारता याच गाडीतून करीत. कुर्ल्याचे दार स्वस्त होते, पण घरपोच खर्च दाराच्या किमतीहून जास्त निघाला. मग सूनबाईंनी सुट्टीच्या दिवशी सासऱ्यांना शिवाजीनगरला नेले. तिसऱ्या गल्लीत दार मिळाले, थोडे महाग आणि रंगाने वेगळे. निळ्या गाडीला पांढरे दार लावून बाबा आजही मजेत फिरतात. रंग द्यायला मुलगा तयार आहे, पण बाबांना घाई नाही. गर्दीत आपली गाडी लांबूनही ओळखू येते, म्हणतात!

मागवायचेच असेल तर

काही वेळा बाहेरून मागवणे भागच असते. अशा वेळी चॅसिस क्रमांक आणि जुन्या भागावर छापलेला पार्ट नंबर आधी कळवा. ‘डावे-उजवे’ म्हणू नका. समोरून पाहणारा उलटे समजतो. ‘ड्रायव्हर साइड’ किंवा ‘क्लीनर साइड’ असे म्हणा. चुकीचा भाग आला तर परतीचे भाडेही आपल्याच माथी. इंजिन किंवा गिअरबॉक्समधले तेल पूर्ण काढल्याची खात्री करा, नाहीतर कुरिअर कंपनी माल घेणार नाही. बिल्टीवर ‘ओनर्स रिस्क’ लिहिलेले असेल तर वाटेत फुटलेल्या काचेची भरपाई मिळणे कठीण, म्हणून हेडलाइट आणि काचा शक्यतो जवळच घ्या. इंजिन बदलले तर त्याचा क्रमांक आरटीओत नोंदवून घ्या.

पक्के बिल मात्र सोडू नका. जुन्या भागांच्या बाजारात चोरीच्या गाड्यांचा मालही येतो. मेरठच्या सोतीगंज बाजारावर २०२१ मध्ये पोलिसांनी याच कारणासाठी मोठी कारवाई केली होती. आणि एअरबॅग, सीट बेल्ट, ब्रेकचे भाग कितीही स्वस्त मिळाले तरी जुने घेऊ नका. तिथे वाचवलेले पैसे घरच्या माणसांच्या जिवाशी खेळ ठरतात.

सर्जापूर रोडवरून शिवाजीनगर पंधराएक किलोमीटर. सकाळी लवकर निघा आणि जुना भाग सोबत न्या, म्हणजे दुकानातच जुळवून पाहता येईल. काम झाले की तिथल्या जुन्या रसेल मार्केटमध्येही डोकावा. भाड्याचे पैसे वाचले असतील तर तिथून घरी फुले आणि फळे न्यायला हरकत नाही.