पुढील कथा पडद्यावर

ती. स्व. आत्यास,


तुझी ट्रंक माझ्याकडे सुखरूप आहे. वाडा पाडायला घेतल्यापासून तू फोनवर रोज तेवढंच विचारतेस, म्हणून आधी ते. महिन्यापूर्वी ती उघडली. वर तुझा शालू आणि त्याखाली सुतळीनं बांधलेल्या सिनेमाच्या चोपड्या. शालूपेक्षा चोपड्यांना डांबरगोळ्या जास्त आहेत, हे मी कुणाला सांगणार नाही.

किती पातळ कागद गं! मध्यंतरात दोन आण्याला मिळणारी चार-आठ पानं. आत पात्रांची नावं, गाणी आणि थोडक्यात गोष्ट. ‘सांगत्ये ऐका’ची चोपडी हाती आली आणि हसूच फुटलं. १९५९ चा तो तमाशापट विजयानंद थिएटरला सव्वाशेहून अधिक आठवडे चालला. त्यातले तीन खेळ तुझे, आणि तिन्ही वेळा तू आजीला ‘कीर्तनाला जाते’ सांगून गेलेलीस. बुवांनी कुठलं आख्यान लावलं होतं, असं आजीनं विचारल्यावर काय सांगायचीस, ते मात्र कधी बोलली नाहीस.

चोपड्यांच्या तळाशी ती निळी वहीही सापडली. शेजारी टीव्ही आला तेव्हा आम्ही पोरं सतरंजीवर आणि तू उंबऱ्यात, कारण ‘लोकांच्या घरी किती आत जायचं’. ‘चिमणराव’ मालिकेचा भाग संपला की घरी येऊन झोपायच्या आधी तू त्या भागात काय काय झालं ते लिहून काढायचीस. चि. वि. जोशींचा चिमणराव पुस्तकात होताच की, मग हे कशाला, असं बाबा चिडवायचे. पण प्रभावळकरांचा चिमणराव दारात कसा अडखळला, बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ कधी गुरकावला, हे पुस्तकात कुठून असणार? तेव्हा टेप महाग होत्या, पुसून पुन्हा वापरल्या जायच्या. त्या मालिकेचे मोजकेच भाग आज उरलेत. दूरदर्शनकडे नाही ते तुझ्या वहीत आहे आत्या, तेही तिरक्या, घाईच्या अक्षरात.

सिनेमाची गत याहून वाईट. जुन्या फिल्ममध्ये चांदी असायची. ती काढून घेण्यासाठी रिळंच्या रिळं विकली गेली. नायट्रेटची फिल्म तर ठिणगीसरशी पेटायची. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची अख्खी प्रत उरली नाही, आणि आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा, त्याची तर एकही नाही. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर जन्मभर असलं काही ना काही गोळा करत बसले. त्यांच्यापासून दोन-तीन मैलांवर तू ट्रंक भरत होतीस, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता.

आता जे सांगायला हे पत्र लिहायला घेतलं ते. दिवाळीच्या रंगसफेदीत तुझा एक गठ्ठा नाहीसा झाला, आठवतं? तू उंदरांच्या सात पिढ्या उद्धरल्यास आणि मी शेजारी उभा राहून मान डोलावली. तो मी रद्दीवाल्याला दिला होता. पैशाची भेळ खाल्ली, सारसबागेत. भेळ चांगली होती, हे सांगायला नको होतं, पण आता खरंच बोलायचं तर सगळंच.

गेल्या रविवारी जुन्या बाजारात गेलो होतो. कुलपं, बिजागऱ्या, ग्रामोफोनचे कर्णे यांच्यात चोपड्यांचा एक ढीग दिसला. ‘पेडगावचे शहाणे’ची निघाली. भाव ऐकून परत फिरावंसं वाटलं, पण चोपडी घेतलीच. आत कुणीतरी आवडत्या गाण्यांपुढे शिसपेन्सिलीनं फुल्या मारल्यात. तीही कुणाची तरी आत्याच असणार.

एक काम आहे. या चोपड्यांतली गोष्ट ऐन रंगात आली की थांबते: पुढील कथा पडद्यावर पाहा. तुझ्या ट्रंकेतल्या दोन सिनेमांचा पडदा मी महिनाभर शोधतोय. कुठे काही लागत नाही. एकात ती मुलगी मध्यरात्री घर सोडून स्टेशनवर आलीय आणि गाडी सुटायची शिट्टी झालीय. ती चढते का गं?

शनिवारी गाडी पाठवतो. तोंडीच सांग.

तुझा,
उंदीर