सीताफळाची बासुंदी

सीताफळाच्या बासुंदीत मेहनत सारी दुधावर करायची असते. फळावर ती जितकी कमी होईल तितकी बासुंदी चांगली. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत सासूबाईंनी मला बजावलं होतं, "दुधाले इस्तो दाखव बाई, फयाले नको." इतक्या वर्षांत त्यांच्या या सांगण्यात मला काही बदलावंसं वाटलं नाही.

बुलढाणा अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलं आहे. इथल्या मुरमाड उतारांवर सोयाबीन तग धरत नाही तिथंही सीताफळ येतं. पाणी कमी लागतं आणि पाल्याला शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून उघड्या माळावरही झाड जगतं. मूळचं ते अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं, पण आता दसरा-दिवाळीचा आमचा बाजार त्याच्या टोपल्यांशिवाय भरत नाही. डोंगरातलं फळ लहान आणि बियांनी भरलेलं असतं. बार्शीच्या नवनाथ कसपटे यांनी विकसित केलेल्या एनएमके-1 गोल्डन जातीचं फळ मोठं, गर भरपूर, शिवाय जास्त दिवस टिकणारं. कोरडवाहू शेतकऱ्याच्या हाती असं फळ आलं याचा मला मनापासून आनंद आहे. बासुंदीसाठी मात्र मी डोंगरातलंच घेते. आटलेल्या दुधातही त्याचा वास दबत नाही.

फळ घ्यायचं ते डोळे उघडलेलं, खाचा पिवळसर झालेलं, पण हाताला कडक. घरी आणून गव्हाच्या कोठीत ठेवायचं आणि रोज सकाळी एकेक हलकेच दाबून पाहायचं. सगळी एका दिवशी पिकत नाहीत. जे मऊ झालं ते त्याच दिवशी वापरायचं, कारण दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास येऊ लागतो.

2 लिटर म्हशीचं दूध जाड बुडाच्या गंजात मंद आचेवर ठेवते. साय येईल तशी कडेला लावायची आणि शेवटी खरवडून पुन्हा दुधात मिसळायची. दूध निम्म्यावर यायला तास-सव्वा तास लागतो. त्या वेळात गंजापासून हलायचं नाही. एकदा बुडाशी लागलं की तो वास कशानंच जात नाही. साखर दूध आटल्यावर, तीही तीन-चार चमचेच. मग गंज खाली उतरवून दूध पुरतं गार होऊ द्यायचं. कोमट दुधात गर घालायचा मोह होतो, तो टाळायचा. तापलेल्या गराला कडवटपणा येतो.

दूध गार होतंय तोवर फळं. या दुधाला मध्यम आकाराची सात-आठ पुरतात. चमच्यानं गर काढताना सालीलगतचा रवाळ थर सालीलाच राहू द्यावा, त्यातले कण दुधात विरघळत नाहीत आणि दाताखाली कचकचतात. गर मोठ्या भोकांच्या चाळणीत घेऊन बोटांनी फिरवला की बिया मोकळ्या होतात. मिक्सर नको म्हणजे नकोच. बी फुटली तर सगळी बासुंदी कडू होते. शिवाय बी विषारी असते. बियांची पूड उवा मारायला वापरतात आणि डोळ्यांत गेली तर इजा करते. वेळ लागतो, लागू द्यावा. घरातल्या मुलांना सोबत बसवावं, त्यांना हे काम फार आवडतं. काही पाकळ्या अख्ख्याच ठेवाव्यात.

गर दुधात मिसळायचा तो पानं मांडायच्या थोडा आधी. वेलची नाही, केशर नाही, जायफळ तर मुळीच नाही. सुवासिक फळावर दुसरा वास लादणं मला पटत नाही.

हल्ली गोठवलेला गर बाराही महिने मिळतो आणि लग्नाच्या पंगतीत वैशाखातही ही बासुंदी वाढतात. ती गोड असते, एवढंच. आपल्याकडे हंगाम दोन-अडीच महिन्यांचा आहे. तेवढ्यात एकदा तरी घाटातल्या टोपलीवाल्या बाईकडून फळं घ्या, भाव पाडू नका, आणि दूध आटवायला निवांत दुपार काढा.