नाच पुरता दिसू दे

पुणे,
रविवार

प्रिय सई,


तुझं पत्र मिळालं. बोलता बोलता माणसं एकदम गायला लागली की तुझा सिनेमावरचा विश्वासच उडतो, असं तू लिहितेस. आणि त्याच पानावर खाली 'ला ला लँड' पुन्हा पाहिल्याचंही लिहितेस. म्हणजे तुला त्यात काहीतरी सापडलंय. ते जिथून आलं, त्या जुन्या हॉलिवूडच्या संगीतपटांबद्दल आज सविस्तर लिहिते.

गाण्याचा आक्षेप आधी बाजूला ठेवू. 1882 साली रंगभूमीवर आलेलं 'संगीत सौभद्र' अजून पाहणारी माणसं आपण. नाटकातली नायिका संकटात सापडलेली असायची, आणि तिचं पद ऐकून थिएटर 'वन्समोअर'ने दणाणायचं. तेवढा वेळ गोष्ट खुशाल थांबायची, कुणाची तक्रार नसायची. गाण्यासाठी थांबणं आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. तुझी अडचण मला वेगळी वाटते: आताच्या पडद्यावर काहीच सलग दिसत नाही. हात दिसतो, मग पाय, मग चेहरा, मग ड्रोनमधून सगळा चौक. नाचणारा खरंच नाचला का, हे शेवटपर्यंत कळत नाही.

त्या काळचा नर्तक-नट फ्रेड अस्टेअर याचा सगळा हट्ट नाच सलग दिसावा यासाठीच होता. नाच सुरू झाला की कॅमेऱ्यात तो डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे, आणि तुकडे कमीत कमी. 'स्विंग टाइम' (1936) मधला त्याचा आणि जिंजर रॉजर्सचा शेवटचा नाच नीट बघ. वळणावळणाच्या जिन्यांवरून दोघं वर जातात, आणि तिच्या एकाही हालचालीत कष्ट दिसत नाहीत. त्या नाचाचे चाळीसच्या वर टेक झाले होते आणि तिच्या बुटात रक्त आलं होतं. हे माहीत नसताना तो नाच सुंदर दिसतो. माहीत झाल्यावर तिच्याबद्दलचा आदर दुप्पट होतो, आणि सौंदर्य तसूभरही कमी होत नाही.

आता 'सिंगिंग इन द रेन'. 1952 चा सिनेमा, पण त्यातली बहुतेक गाणी तेव्हाच जुनी होती. शीर्षकगीत तर 1929 सालीच एका सिनेमात येऊन गेलेलं. गोष्टही मूकपट जाऊन बोलपट आले त्या काळातली, म्हणजे हा सिनेमा जन्मला तेव्हाच मागे वळून पाहत होता. त्यातला पावसातला प्रसंग सगळ्यांना माहीत असतो, पण संथपणे कुणी पाहत नाही. नायक जीन केली प्रेयसीला दारापर्यंत सोडतो, थांबलेल्या गाडीला हातानेच जा म्हणतो, छत्री मिटतो आणि भिजत चालायला लागतो. दिव्याच्या खांबाला लटकतो. पन्हाळीखाली तोंड धरून उभा राहतो. मग रस्त्याच्या कडेच्या डबक्यात लहान मुलासारखा थयथय नाचतो. तेवढ्यात पोलीस येतो, आणि आपला नायक ओशाळून निघून जातो. जाताना छत्री समोरून येणाऱ्या अनोळखी माणसाला देऊन टाकतो. कथा या सगळ्यात एक इंचही पुढे सरकत नाही. एका माणसाला आनंद झालाय, एवढंच आपण बघतो, आणि तेवढं पुरतं. चित्रीकरणाच्या वेळी केलीला 103 अंश ताप होता. डबकी नाचाच्या पावलांच्या हिशेबाने फरशीत मुद्दाम खोदलेली होती. नायिका डेबी रेनॉल्ड्स तेव्हा एकोणीस वर्षांची, नाचाचं शिक्षण नसलेली. 'गुड मॉर्निंग' गाण्याचं चित्रीकरण रात्री उशिरा संपलं, तेव्हा तिच्या पायांतून रक्त येत होतं.

आवाजाच्या बाबतीत मात्र हॉलिवूडवाल्यांनी लपवाछपवी केली. 'माय फेअर लेडी' (1964) मध्ये ऑड्री हेपबर्नची बहुतेक गाणी मार्नी निक्सनने गायली, आणि श्रेयनामावलीत तिचं नाव नाही. आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? 'महल' सिनेमाच्या रेकॉर्डवर लताबाईंच्या जागी पात्राचं, 'कामिनी'चं नाव होतं. पण पाय उसने आणता येत नाहीत, म्हणून मी तुला पायांकडे बघ म्हणते.

आणि पायांचाच विषय निघालाय तर 'स्टॉर्मी वेदर' (1943) बघितल्याशिवाय राहू नकोस. शेवटाकडे कॅब कॅलोवेच्या वाद्यवृंदात फेयार्ड आणि हॅरोल्ड निकोलस हे भाऊ येतात. वादकांच्या मधून उड्या घेत ते एका मोठ्या जिन्यावर चढतात. तिथून खाली येताना एक भाऊ दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी मारून खालच्या पायरीवर पाय पूर्ण फाकवून पडतो आणि हात न टेकता उभा राहतो. लगेच दुसरा त्याच्यावरून. असं पायरी पायरी करत तळापर्यंत. माझ्या मते पडद्यावर याहून मोठा नाच झालेला नाही. तुमच्या पिढीच्या फोनवर हा तुकडा फिरतो, याचा मला फार आनंद आहे.

पण तुकड्यात एक गोष्ट कळत नाही. याच सिनेमाची नायिका लेना हॉर्न, निकोलस भावांसारखीच कृष्णवर्णीय. एमजीएम स्टुडिओच्या सिनेमांत तिची गाणी कथेपासून अशी अलग ठेवत, की अमेरिकेच्या वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेकडच्या थिएटरांसाठी ती सहज कापून टाकता यावीत. निकोलस भावांचे नाचही बऱ्याच सिनेमांत असेच पाहुण्यासारखे येतात आणि जातात. एवढी विद्या अंगात, आणि गोष्टीत जागा नाही. तुला याचा राग येईल, यायलाच हवा. त्या रागासकट हे सिनेमे बघावेत असं मला वाटतं, कारण कापून टाकणाऱ्यांनी जे लपवलं ते आज आपण पूर्ण पाहू शकतो.

'ला ला लँड'मध्ये टेकडीवर संध्याकाळी ती दोघं नाचतात, तो प्रसंग एका सलग टेकमध्ये घेतलाय. तुला तो आवडला असणार. रायन गॉसलिंग आणि एमा स्टोन अस्टेअर-रॉजर्सच्या पासंगालाही पुरत नाहीत, पण दिग्दर्शकाने त्यांना तोडलं नाही, आणि त्यांची धडपड खरी दिसली.

दिवाळीत येशील तेव्हा प्रोजेक्टर माझ्याकडे आहेच. तोवर 'सिंगिंग इन द रेन' फोनवर बघू नकोस, एवढं माझं ऐक. आईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी