सवयीचा आवाज

शिरूरमधील जुन्या पेठेतल्या एका घरात अक्का एकट्याच राहतात. माजघरातील छताचा पंखा त्यांच्या यजमानांनी हौसेने आणलेला. त्याला आता पस्तीस वर्षे होऊन गेली. अलीकडे दोन वर्षे तो ‘खट्‌-खट्‌’ असा आवाज करीत असे. मुलांनी नवा पंखा घेण्याचे अनेकदा सुचविले, परंतु अक्कांनी ते मानले नाही. “आवाज थांबला, की वीज गेल्याचे कळते,” एवढेच त्या म्हणत.

यंदा चैत्रात त्यांचे धाकटे बंधू दौंडहून चार दिवसांसाठी आले. शिरूरला रेल्वे नाही. दौंड मात्र रेल्वेचेच गाव. बंधूंची सारी नोकरी तेथे डब्यांतील दिवे व पंखे दुरुस्त करण्यात गेली. डब्यातला पंखा ११० व्होल्टवर चालतो, घरातला २३० व्होल्टवर. तरी दोघांची दुखणी सारखीच, असे ते सांगतात.

पहिल्याच रात्री त्या आवाजाने त्यांना जाग आली. सकाळी ते पंख्याखाली जाऊन उभे राहिले. हात लावण्यापूर्वी ऐकावे, हा त्यांचा नियम. पंखा पूर्ण वेगात असताना त्यांनी बटण बंद केले. वीज तुटताच आवाज थांबला, तर दोष रेग्युलेटरचा किंवा आतल्या वेटोळ्यांचा. पाती फिरेपर्यंत आवाज येत राहिला, तर काहीतरी सैल झाले आहे किंवा झिजले आहे. येथे पाती मंदावली तसा आवाजही मंदावला. प्रत्येक फेऱ्याला एक ठोका. बेअरिंग गेले असते, तर सलग घरघर ऐकू आली असती.

मग त्यांनी मेन स्विच बंद केला. जुन्या घरांत बटण कधी कधी चुकीच्या तारेवर बसविलेले असते, म्हणून केवळ त्याच्यावर विसंबू नये. शिडीवर चढून त्यांनी पात्यांवरची धूळ पुसली. एकाच पात्यावर ती अधिक साचली, तरी पंख्याचा तोल जातो. स्क्रू आवळले. प्रत्येक पात्याच्या टोकाचे छतापासूनचे अंतर फूटपट्टीने मोजले. तिन्ही अंतरे सारखी भरली.

शेवटी दांड्यावरची वरची वाटी त्यांनी खाली सरकविली आणि क्षणभर ते काहीच बोलले नाहीत. हुकाभोवतीचे रबर झिजून गेले होते. दांडा ज्या आडव्या बोल्टवर तोलला होता, त्याच्या टोकाची पिन नव्हती, नटही गळून वाटीत पडला होता, आणि बोल्ट निम्मा बाहेर सरकला होता. पंख्याच्या बरोबर खाली अक्कांचा पलंग होता.

“अक्का, हा आवाज तुला काय सांगत होता, ठाऊक आहे?” त्यांनी खाली उतरून विचारले. झिजलेला बोल्ट हातात घेऊन त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “आता हा पंखा काढून टाकायचा का रे?”

“मुळीच नाही. पंखा उत्तम आहे. फक्त त्याला धरणारे बदलायचे.”

बाजारातून नवा बोल्ट, नट, पिन आणि रबर आणले. खर्च किरकोळच आला. सूर्यास्तापूर्वीची जेवणे आटोपेपर्यंत पंखा निःशब्द फिरू लागला. दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी वाटी उतरवून पाहावयाची, असे बंधूंनी भाच्यांना फोन करून बजावले.

त्या रात्री मात्र अक्कांना झोप लागेना. दोनदा उठून त्यांनी दिवा लावला आणि वीज असल्याची खात्री करून घेतली. तिसऱ्यांदा दिवा न लावता त्यांनी केवळ हात वर केला. तळहाताला वारा लागत होता. मग त्या निवांत झोपल्या.