शनिवारी थांबणारा घाणा

पोलादपूरहून महाडकडे येताना सावित्री नदी सोबतीला असते. पावसाळ्यात मातकट आणि फुगलेली. महाडपाशी तिला गांधारी मिळते आणि पुढे ती बाणकोटच्या खाडीकडे निघते. एके काळी या खाडीतून गलबतं वर येत, माल उतरे आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढे. या मुलखानं परकं माणूस पाहिलं ते बहुधा पाण्याच्या वाटेनं येताना.

कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्रायलही तसेच आले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. त्यांनी गावोगाव तेलाचे घाणे घातले. शनिवारी, त्यांच्या धर्मातल्या विसाव्याच्या दिवशी, घाणा थांबे, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं इथल्याच मातीची: दिवेआगरचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, अष्टमीचे अष्टमकर. बोली मराठी, बायकांचं नेसणं लुगडं. नवस बोलायचा तो प्रेषित एलियाहू हन्नाबीला आणि फेडायचा पोहे-खोबऱ्याच्या मलिद्यानं. १८८० नंतर त्यांनी मराठी कीर्तनंही रचली. त्यांतली आख्यानं मोशे आणि योसेफाची.

पोलंडमधल्या ज्यू गावांविषयी वाचताना मला बेने इस्रायलांची ही घरं आठवतात. तिथेही चौकातला बाजार होता, शिंप्याचं दुकान होतं, शुक्रवारी सांजेला खिडकीत मेणबत्त्या लागत. १९३९ साली त्या देशात सुमारे तेहतीस लाख ज्यू होते. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत त्यांतले सुमारे तीस लाख नाझी राजवटीत मारले गेले. जे वाचून परतले, त्यांतल्या अनेकांना आपल्याच घरात दुसरी माणसं राहताना दिसली. किएल्त्से शहरात तर जुलै १९४६ मध्ये, नाझी गेल्यावर, जमावानं ४२ ज्यूंना ठार केलं. शेजारी शेजाऱ्याला मारतो तेव्हा माणसाला परतायला जागा उरत नाही.

आपल्याकडे असं काही झालं नाही. अलिबागची इस्रायल आळी रिकामी झाली ती कुणाच्या भयानं नव्हे. १९४८ नंतर एकेक कुटुंब मुंबईला, तिथून इस्रायलला गेलं. त्यांच्या ज्यू असण्यावर शंका घेतली गेली ती तिथे, लग्नाच्या प्रश्नावरून. त्यांनी लढा दिला आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं त्यांना सर्वार्थानं ज्यू म्हणून मान्य केलं. ज्या कोकणानं त्यांना कधी पुरावा मागितला नाही, ते मात्र मागे राहिलं.

इथवर आलं की आपल्या सहिष्णुतेचा अभिमान दाटून येतो. पण महाडात उभं राहून तो मिरवणं मला जमत नाही. चवदार तळं इथेच आहे. समुद्रातून आलेल्या परक्यांना जागा देणाऱ्या याच मुलखानं अस्पृश्य ठरवलेल्या आपल्याच माणसांना पाणी नाकारलं होतं. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि त्यानंतर सत्याग्रहींवर लाठ्या पडल्या. मारणारे दूरदेशीचे नव्हते. आपण बेने इस्रायलांना आसरा दिला, तसा आपला जातिभेदही दिला. त्यांच्यातही गोरे आणि काळे असे भेद झाले, आणि त्या दोन गटांत सोयरीक होत नसे. कोकण दयाळू होतं हे खरं, पण ती दया जातीच्या उतरंडीत प्रत्येकाला आपापली पायरी नेमून देणारी होती. शनवार तेल्यांना एक पायरी मिळाली. तळ्याच्या काठावर आलेल्यांनी ती पायरीच नाकारली, म्हणून त्यांची डोकी फुटली. पोलंडमधला संहार आणि हा अन्याय एका मापानं मोजता येणार नाहीत. तरीही शेजारी चांगला की वाईट हे कुणी त्याच्या बरोबरीनं उभं राहू पाहतो तेव्हाच कळतं, असं मला वाटतं.

रायगड जिल्ह्यात बेने इस्रायलांच्या जुन्या दफनभूमी अनेक गावांत आहेत. तुमच्या गावाजवळ असेल, तर पावसाळ्यानंतर तिथलं रान काढा, आणि तिथला दगड कुणाच्या बांधाला लागू देऊ नका.