धायरीच्या टेकडीवर एक जपानी चेहरा

पुण्याहून सिंहगडाच्या रस्त्यानें निघालें म्हणजे वाटेंत पु. ल. देशपांडे उद्यान लागतें. ओकायामा येथील कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर तें रचिलें आहे. तेथून पुढें आमची धायरी. टेकडीवर धारेश्वर, आणि खालीं दिवसेंदिवस उंच होत चाललेलीं घरें. जपानशीं आमचा संबंध त्या उद्यानापुरताच, असें मी समजत होतों.

गेल्या दिवाळींत पुतण्यानें जपानहून एक चित्र आणिलें. काबुकी नटाचें मुख. पांढऱ्या चेहऱ्यावर ज्वाळांसारख्या तांबड्या रेषा. या मुखरेखनास ‘कुमादोरी’ म्हणतात. पहिल्या इचिकावा दान्जुरोनें १६७३ सालीं त्याचा आरंभ केला, अशी तिकडे परंपरा आहे. तांबडा रंग पराक्रमी सज्जनाचा, निळा दुष्टाचा, तपकिरी राक्षसाचा. भरतमुनींनीं तांबडा वर्ण रौद्र रसास व निळा बीभत्सास दिला आहे, हें आठवून मौज वाटली.

चित्र मात्र छाप्याचें होतें. तुतीच्या सालीचे कागद, आपल्या टेंभुर्णीच्या जातीच्या ‘काकी’ फळाच्या रसानें एकावर एक चिकटवून टणक करितात. त्यांत आकृति कोरून कुंचल्यानें रंग उतरवितात. मूळ ही विद्या वस्त्रें रंगविणाऱ्यांची. योशितोशी मोरी (१८९८–१९९२) यांनीं याच रीतीनें काबुकीचीं पुष्कळ चित्रें केलीं. घरांतील रांगोळीच्या पत्र्याची ही थोरली बहीणच म्हणावयाची.

दुसरे दिवशीं नातीसह टेकडी चढत असतां तिनें विचारिलें, “आजोबा, त्या चित्रांत डोळा भुवईला चिकटलेला कां आहे?”

“न चिकटवला तर कागदांतून गळून पडेल. काय कापावें यापेक्षां काय राखावें, हें कारागिरास आधीं ठरवावें लागतें.”

बोललों खरा, पण पाय थबकले. फार वर्षांपूर्वीं वर्गांतल्या एका मुलानें पुठ्ठा कापून रावणाचें मुख वहींत उमटविलें होतें. ‘छाप्याची नक्कल म्हणजे चित्र नव्हे’ असें सर्वांदेखत म्हणून मीं ती वही परत फेकली होती. त्यानें डोळे कसे राखिले होते, तें पाहिलेंही नाहीं. पुढें त्यानें माझ्यासमोर कधीं चित्र काढिलें नाहीं.

धारेश्वरास हात जोडले. घरीं येऊन एका जुन्या लग्नपत्रिकेवर नातीसाठीं मुख रेखिलें व कात्री तिच्या हातीं दिली. पहिला डोळा गळून पडला. मीं रागावलों नाहीं. दुसरी पत्रिका काढिली.