आधी टेबल हलवा

सेवाभावी क्लबांचं वर्ष एक जुलैला सुरू होतं. रोटरी घ्या नाहीतर लायन्स घ्या, नवा अध्यक्ष, नवा सेक्रेटरी, नवी कार्यकारिणी, सगळा कारभार त्या तारखेपासून. पदग्रहण होतं, फेटे बांधले जातात, भाषणं होतात, जेवण होतं. आणि आमच्या कर्जतला त्यानंतर लगेच आषाढ वद्य एकादशी येते, कामिका एकादशी. ग्रामदैवत संत सद्गुरू गोदड महाराजांची रथयात्रा त्या दिवशी असते. 2023 मध्ये ती 13 जुलैला आली, 2025 मध्ये 21 जुलैला. म्हणजे अशा वर्षी खुर्चीवर बसून धड तीन आठवडे होत नाहीत तोच गावातली मोठी गर्दी दारात उभी.

(कर्जत म्हणजे नगर जिल्ह्यातलं, आता अहिल्यानगर म्हणायचं. रायगडचं नव्हे. हे दर वेळी सांगावं लागतं, म्हणून आधीच सांगितलं.)

माझं गावात छोटं दुकान आहे आणि क्लबात मी बरीच वर्षं आहे. आमचा क्लब कोणता ते सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात क्लबाची बदनामी होण्यापेक्षा माझी झालेली बरी. निम्म्याहून जास्त चुकांच्या वेळी सही माझी होती.

मी सेक्रेटरी झालो त्या वर्षी पहिल्याच बैठकीत ठरलं, की यात्रेत पाणी आणि उपवासाचा फराळ द्यायचा. यात वावगं काही नव्हतं. पंढरपूरची आषाढी झाल्यावर पांडुरंग या एकादशीला कर्जतला गोदड महाराजांच्या भेटीला येतो अशी इथली श्रद्धा आहे. आसपासच्या गावांतून दिंड्या येतात, बायामाणसं चालत येतात, बहुतेकांना उपवास असतो. त्यांना पाणी द्यावं, खिचडी द्यावी, हे कुणालाही सुचेल. आम्ही चुकलो ते जागेत. स्टॉल कुठे लावायचा यावर तासभर चर्चा झाली आणि त्या तासाभरात रथ कुठून जातो हा शब्दही निघाला नाही. चर्चा होती बॅनर कुठून दिसेल याची. मंदिराकडे जाणारा रस्ता जिथे अरुंद होतो, तिथल्या कोपऱ्यावर दोन्ही बाजूंनी बॅनर दिसतो. तीच जागा मी पक्की केली. दुकानदार ओळखीचा होता, त्याने वीजही दिली.

सकाळी सगळं छान वाटलं. टी-शर्ट घातलेली आमची पोरं, वीस लिटरचे जार, खिचडीचं मोठं पातेलं, फोटो. गर्दी वाढली तशी माणसं स्टॉलपुढे थांबू लागली, आणि माणूस थांबला की रस्ता थांबतो. समोरच्याला पाणी मिळतं म्हणून तो उभा आहे हे मागच्याला दिसत नाही. त्याला एवढंच कळतं, की पुढे सरकत नाही, म्हणून तो रेटतो. आम्ही रांग लावली होती, पण अरुंद रस्त्यात रांगेची गाठ व्हायला वेळ लागत नाही. त्यात द्रोण हातात घेतलेला माणूस उलट दिशेने बाहेर पडायला बघतो. एकाच तोंडाने आत आणि त्याच तोंडाने बाहेर, ही योजना माझी.

रथ यायची वेळ झाली तेव्हा पुढे आलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी माझ्या टी-शर्टकडे न बघताच सांगितलं, “ओ भाऊ, आधी टेबल हलवा.” मी त्यांना आमच्या सेवेबद्दल सांगायला लागलो. ते म्हणाले, “सेवा नंतर. आधी टेबल हलवा.” टेबल हलवताना जार कलंडला, रस्ता ओला झाला, दोघी बायका घसरून पडल्या. एका मावशींच्या हाताला चांगलंच खरचटलं. आणखी काही झालं नाही. रथ पुढे गेला, गजर चालू राहिला, आणि बहुतेकांना काही घडल्याचं कळलंही नाही. मला मात्र त्या रात्री झोप आली नाही, कारण ओला रस्ता आणि दाटलेली गर्दी म्हणजे काय हे मला ठाऊक असायला हवं होतं. सातारा जिल्ह्यात मांढरदेवीला काळूबाईच्या यात्रेत 25 जानेवारी 2005 रोजी चेंगराचेंगरी झाली, तीनशेच्या आसपास माणसं गेली. नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि दुकानांनी आवळलेली वाट, हे तेव्हा पेपरांत आम्ही सगळ्यांनी वाचलं होतं. त्याआधी नाशिकच्या कुंभमेळ्यात 27 ऑगस्ट 2003 ला 39 जण गेले. तिथे उधळलेली नाणी उचलायला लोक वाकले असं सांगितलं गेलं. गर्दीत फुकट काही वाटणं हे किती जोखमीचं काम आहे याला याहून स्पष्ट दाखला लागत नाही. आम्ही नाणी उधळत नव्हतो, खिचडी वाटत होतो, पण थांबणाऱ्या माणसाच्या मागे रेटणारा माणूस तोच.

जाणकार सांगतात, की चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसं झाली की कुणाचंच पाऊल कुणाच्या ताब्यात राहत नाही, गर्दी नेईल तिकडे अंग जातं. हे वाचल्यावर मी एका रविवारी टेप घेऊन त्या कोपऱ्यावरचा रस्ता मोजला. रस्त्याच्या रुंदीचा जवळजवळ तिसरा हिस्सा आमच्या दोन टेबलांनी आणि बॅनरच्या बांबूंनी खाल्ला होता. दुकानदार विचारत होता, काय बांधायचंय का इथं?

फराळाची गोष्ट वेगळी. ती कुणी पाहिली नाही, म्हणून जास्त लाजिरवाणी. खिचडी पहाटे तयार झाली, कारण आचाऱ्याला नंतर दुसरं काम होतं. ती झाकून ठेवली आणि दुपार उलटेपर्यंत वाटली. उरलेल्या पातेल्याचं झाकण काढलं तेव्हा वास बदललेला होता. एका सभासदाने बोटभर चाखून पाहिली आणि “चालेल” म्हणाला. मी गप्प बसलो. पुढची पंधरा-वीस मिनिटं तीच खिचडी गेली. आमच्या पत्नीने येऊन पाहिलं आणि काही न विचारता पातेलं बाजूला घेतलं, म्हणून थांबली. कुणी आजारी पडल्याचं कानावर आलं नाही. पण आलं नाही म्हणजे पडलं नाही असं कसं म्हणू? माणसं गावोगावी पांगली होती.

फेब्रुवारी 2024 मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात सप्ताहातल्या एकादशीच्या प्रसादातून, भगर-आमटीतून, शेकडो लोकांना विषबाधा झाली. रुग्णालयात जागा नव्हती, तेव्हा रस्त्याच्या कडेला दोरी बांधून सलाईनच्या बाटल्या टांगलेले फोटो सगळ्यांनी पाहिले. मी ते फोटो पाहिले तेव्हा आमचं पातेलं आठवलं. त्या लोणारच्या लोकांनीही प्रसादच वाटला होता, श्रद्धेनेच. भगरीला दमट हवेत बुरशी धरते, आणि शिजलेलं अन्न गरम ठेवायचं तर ते 60 अंशांच्या वर राहायला हवं, नाहीतर लवकर संपवायला हवं. घरच्या स्वयंपाकात हे आपोआप होतं, कारण पानं लगेच वाढली जातात. पाचशे माणसांच्या पातेल्यात आपोआप काही होत नाही. आता आम्ही यात्रेत शिजवलेलं काही देत नाही. केळी देतो, राजगिऱ्याचे पाकीटबंद लाडू देतो. क्लबातल्या काहींना यात मजा वाटत नाही. पातेल्याजवळ उभं राहून डाव हातात घेतल्याचा फोटो केळ्यांच्या पेटीजवळ येत नाही, हे खरं आहे.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

हरवलेलं एक मूल सापडलं तेव्हा मी माइकवरून त्याचं नाव, वय, शर्टाचा रंग, गाव, सगळं पुकारलं. शेजारी उभ्या असलेल्या महिला पोलिसांनी माइक काढून घेतला आणि कोपऱ्यात नेऊन समजावलं: सगळं तुम्हीच सांगितलंत तर न्यायला येणाऱ्याला विचारायचं काय? पुकारताना फक्त “एक मूल सापडलं आहे, पालकांनी पोलीस मदत केंद्रात यावं” एवढंच. नाव, कपडे, गाव हे येणाऱ्याने सांगायचं, मुलाने ओळखायचं, नोंद पोलिसांकडे करायची. इतकी साधी गोष्ट मला त्या वयापर्यंत कुणी शिकवली नव्हती आणि मी विचारलीही नव्हती.

दुसऱ्या एका कार्यक्रमात एका तरुणाला फिट आली. आमच्या दोघांनी त्याचे हात धरून ठेवले, तिसऱ्याने नाकाला चप्पल लावली, आणि मी त्याच्या तोंडात पाणी घालायला निघालो होतो. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. त्याला कुशीवर वळवायचं, भोवतालची माणसं आणि टोकदार वस्तू दूर करायच्या, फिट किती वेळ चालली ते घड्याळात बघायचं आणि 108 ला फोन करायचा. प्रथमोपचाराचा बॅनर आमच्या डोक्यावरच लावलेला होता.

आणि झाडं. जुलै-ऑगस्टात वृक्षारोपण केलं नाही तर क्लबाचं वर्ष सुरू झाल्यासारखं वाटत नाही. आमच्या एका उत्साही अध्यक्षांनी रेहेकुरीच्या बाजूच्या माळावर हजार रोपं लावायचं ठरवलं. रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे, 1980 साली झालेलं, जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. मी जाऊन परवानगीची चौकशी केली. तिथल्या माणसाने शांतपणे विचारलं, “काळवीट कुठं पळणार मग?” काळविटाला मोकळं गवताळ रान लागतं, लांबवर दिसलं की ते पळतं, दाट झाडी त्याच्या कामाची नाही. आम्हाला माळ म्हणजे रिकामी जागा वाटली होती. रोपं मग गावाजवळ लावली. उन्हाळ्यात कर्जतला पाण्याचं काय असतं ते सांगायला नको. आमच्याकडे पाणी घालायची पाळी नव्हती, मार्चपर्यंत बहुतेक वाळली. पुढच्या जुलैत नव्या अध्यक्षांनी जवळपास त्याच खड्ड्यांत नवी रोपं लावली. कुणी हसलं नाही. मीही नाही.

याच गावात 2020 च्या गांधी जयंतीपासून वेगवेगळ्या सामाजिक संघटनांची माणसं रोज सकाळी श्रमदानाला जमू लागली. झाडू, टिकाव, घमेलं, पाण्याचा टँकर. माझी वसुंधरा अभियानात कर्जत नगरपंचायतीचं नाव राज्यात झालं, त्यात या माणसांचा घाम आहे. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या स्टॉलभोवतीचे द्रोण आणि पेले उचलताना त्यांना मी पाहिलं आहे. आम्ही तेव्हा व्हॉट्सॲपवर एकमेकांचं अभिनंदन करत होतो. मला त्यांचा हेवा वाटतो तो एका गोष्टीसाठी. त्यांचं वर्ष जुलैत बदलत नाही. कालचा माणूस आज असतो, आणि कुठलं रोप कुणी लावलं, कुठल्या ओळीला काल पाणी मिळालं नाही, हे त्याला माहीत असतं.

आमच्या चुकांचं मूळ मला तिथे सापडलं. सभासद वाईट नव्हते, पैसा कमी नव्हता. पण ज्याला टेबल हलवा म्हणून ऐकावं लागलं तो मी पुढच्या वर्षी माजी सेक्रेटरी होतो. नव्या सेक्रेटरीने नव्या उत्साहाने बैठक घेतली आणि स्टॉल पुन्हा त्याच कोपऱ्यावर ठरला. मी विरोध केला का? थोडासा. “मागच्या वर्षी जरा गैरसोय झाली होती,” एवढं म्हणालो. पडलेल्या मावशींबद्दल बोललो नाही, वास आलेल्या खिचडीबद्दल तर नाहीच. आपल्याच वर्षातली नामुष्की नव्या माणसासमोर कोण काढणार? वार्षिक अहवालात मी स्वतः लिहिलं होतं: “यात्रेत हजारो भाविकांनी सेवेचा लाभ घेतला.” ते वाक्य खोटं नव्हतं, पण नव्या सेक्रेटरीच्या हातात माझ्याकडून गेलेली माहिती तेवढीच होती. माझ्या सगळ्या चुकांत मी हिला सर्वांत मोठी मानतो. टेबल अज्ञानाने लावलं होतं. हे वाक्य मी समजून-उमजून लिहिलं.

पुढे एकदा बैठकीत सगळं सांगितलं. काही जण नाराज झाले, एकाने विचारलं, इतकी वर्षं का बोलला नाहीत. त्याला उत्तर नव्हतं. मग एक जाड वही केली. त्यात शोभेचं काही लिहायचं नाही. कोपऱ्यावर रस्त्याची रुंदी किती, रथाची वाट आणि वेळ कुणाला विचारायची, पोलीस ठाण्यात आणि नगरपंचायतीत आधी कुणाला भेटायचं, पाणी कुठे सांडलं, कोण पडलं, काय उरलं, काय कमी पडलं. यात्रेचं काम बघणारा माणूस तीन वर्षांसाठी नेमला, अध्यक्ष कुणीही होवो. स्टॉल आता रस्ता रुंद असलेल्या बाजूला, रथाच्या वाटेपासून आत असतो. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. चार जण फक्त कचऱ्याच्या पोत्यांवर. रथाआधी अर्धा तास वाटप बंद.

तरी सगळं सुरळीत झालं असं नाही. मागे एकदा कचऱ्याच्या पोत्यांची पाळी कुणी घ्यायची यावर दोन डॉक्टर आणि एक वकील भांडले. बॅनरचा आकार दर वर्षी थोडा वाढतो आणि मी दर वर्षी थोडा ओरडतो.

आमच्यासारखे क्लब महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्यात आहेत आणि प्रत्येक तालुक्याला एक यात्रा आहे. त्या क्लबांना माझी विनंती आहे, की जुलैत अध्यक्ष खुशाल बदला, पण यात्रेचं काम बघणारा माणूस बदलू नका. आणि मागच्या सेक्रेटरीचा अहवाल हातात आला, तर त्याला चहाला बोलवून विचारा, की अहवालात काय लिहिलं नाही.